गिलाव्यातला बोल्ट

ग्रिलवाल्याने शेवटचा बोल्ट आवळला तेव्हा वडील बाल्कनीच्या दारात उभे होते.

"छान," ते म्हणाले. "आता दाणापाण्याची वाटी कुठे अडकवायची तेवढं सांगून जा."

"बाबा, पुरे," मुलगी म्हणाली. "काल कठड्यावर पाय बाहेर सोडून बसला होतात. समोरच्या काकूंनी फोनवर किंचाळून माझा कान फोडला."

"चहा पीत होतो."

"सहाव्या मजल्यावर?"

"घर तू घेतलंस सहाव्या मजल्यावर. मी काय करू?"

ती पाणी आणायला आत गेली. ग्रिलवाला हत्यारं पिशवीत भरत म्हणाला, "काका, तुमचे जुने व्हिडिओ पाहिलेत मी. एवढाले कडे, आणि कमरेला दोरसुद्धा नाही! भीती नाही वाटायची?"

"वाटायची. म्हणून तर भार टाकायच्या आधी दगड ठोकून बघायचो."

बोलता बोलता त्यांची बोटं ग्रिलच्या कडेने चालू लागली होती. भिंतीतल्या एकेका बोल्टवर टकटक करायची, कान द्यायचा, पुढे जायचं. कोपऱ्यातल्या बोल्टशी ते थांबले. पुन्हा वाजवलं. गज तळव्याने हलकेच ढकलला. चिमूटभर गिलावा भुरभुरत खाली सांडला.

ग्रिलवाल्याची पाठ होती. बोल्ट उकरून काढायला एक निवांत दुपार आणि एक चमचा, एवढं पुरलं असतं.

त्यांनी खाली रस्त्याकडे पाहिलं नाही. समोरच्या इमारतीवर त्यांची नजर पाइपावरून छज्ज्यावर, छज्ज्यावरून खिडकीच्या चौकटीवर, पुन्हा पाइपावर, अशी चढत थेट गच्चीपर्यंत गेली. मग पायाने त्यांनी तो गिलावा बाजूला सारला.

मुलगी आली. ग्रिलवाल्याच्या हातात ग्लास देऊन ती दमून त्याच कोपऱ्यात ग्रिलला टेकली.

"टेकू नकोस!"

वडिलांनी तिचा दंड धरून तिला आत ओढलं. ग्लास ग्रिलवाल्याच्या हातातच राहिला. वडिलांचा श्वास लागला होता.

"हा बोल्ट नुसता गिलाव्यात आहे," ते ग्रिलवाल्याला म्हणाले. "काँक्रीटपर्यंत गेलाच नाही. नवीन भोक पाड. खोल."

ड्रिल पुन्हा सुरू झालं. ते शेजारी उभं राहून "अजून, अजून" म्हणत राहिले. मग त्यांनी वरचा आडवा गज दोन्ही हातांनी धरला आणि पाय जमिनीवरून उचलले. ग्रिल तसूभरही हललं नाही.

"पक्कं आहे," ते म्हणाले.

"मग उतरा ना, बाबा."

त्यांनी पाय टेकवले नाहीत.