अगोड चहा

"चोर! चोर आहात तुम्ही, येगोरोव्ना!"

रिम्मा स्वयंपाकघराच्या दारातूनच ओरडली. खिडकीपाशी म्हातारी येगोरोव्ना उभी होती. तिच्या एका हातात मग होता, दुसऱ्या हातात बरणीच्या तोंडावरून सोडलेला फडक्याचा दादरा. बरणी रिम्माची होती.

"बायांनो, माझे बटाटे तरी तळून होऊ द्या," शेगडीपाशी उभा असलेला शेजारचा गेना म्हणाला. पाच खोल्या, पाच बिऱ्हाडं आणि सगळ्यांत मिळून हे एकच स्वयंपाकघर. इथल्या भांडणांना बघ्यांची कधी वाण पडली नाही.

रिम्माला संशय होताच. सकाळी दादऱ्याची गाठ ती एका तऱ्हेनं मारायची आणि कामावरून आल्यावर ती वेगळीच दिसायची. आज ती लवकर परतली आणि चोर मुद्देमालासकट सापडला होता. बरणीत कोंबुचा, म्हणजे चहा आंबवून केलेलं आंबटगोड पेय, मुरत होता. त्याच्या चहावर जाड, पांढरट, बुळबुळीत चकती तरंगत होती. तिला सगळे अळंबीच म्हणत. वसंतात आई गेली. घरातली भांडी, गालिचा, शिवणयंत्र भावानं उचललं. रिम्मानं एवढी अळंबीच मागून घेतली. ती बरणी शालीत गुंडाळून, मांडीवर धरून तिनं प्स्कोव्हहून लेनिनग्रादला आगगाडीनं आणली होती. आईचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

आणली त्याच दिवशी येगोरोव्नानं नाक खुपसलं होतं. "अगं, हिला नुसता चहा..."

"मला शिकवू नका," रिम्मानं तिला तिथंच तोडलं होतं. "या बरणीसमोर लहानाची मोठी झालेय मी."

खोटं नव्हतं ते. त्यांच्या घरी साखरेचा खडा दातांत धरून चहा प्यायची रीत होती. किटलीत उरलेला अगोड चहा गार झाला की आई तो बरणीत ओतायची. बरणी कधी रिकामी दिसली नाही. आई स्वतः मात्र खडा तोंडात धरत नसे. "मला गोड सोसत नाही," असं म्हणून आपल्या वाटणीचा खडा बशीत बाजूला ठेवायची. अळंबीचं सगळं रिम्मा आता पहिल्यांदाच स्वतः करत होती, पण त्यात करायचं ते काय असतं? उरलेला चहा ओतायचा, दादरा बांधायचा. बाकीचं अळंबीच बघते.

"रेशनच्या कूपनावरची साखर पुरत नाही, म्हणून दुसऱ्याच्या बरणीवर डल्ला?" रिम्माचा आवाज चढला. "तरीच हल्ली अगोड चहा ढोसत बसता! वरून गोड माझ्याकडचं, फुकटचं!"

गेना खो खो हसला. येगोरोव्नाचा चेहरा पांढराफटक पडला. हातातला मग तिनं छातीशी घट्ट धरला आणि दादरा रिम्माच्या अंगावर भिरकावला.

"ने तुझी अळंबी. बघतेच, कशी सांभाळतेस ती."

थेरडीनं शाप दिला, असं रिम्माच्या मनानं घेतलं. तिनं बरणी आपल्या खोलीत नेली, खिडकीत ठेवली आणि कामावर जाताना दाराला कुलूप घालू लागली. रोज चहा ओतताना ती अळंबीशी दोन शब्द बोलायची. त्या बाईच्या तावडीतून सुटलीस बघ, म्हणायची.

पण अळंबी सुटली नव्हती. आधी ती पातळ झाली. मग तिच्या कडा काळ्या पडल्या. एका रविवारी दादरा सोडला, तर आतून कुजका भपकारा आला. चकती बरणीच्या तळाशी बसली होती आणि वर हिरवी बुरशी धरली होती. रिम्माला रडू आलं नाही, तिच्या मस्तकात तिडीक गेली. बरणी उचलून ती तशीच स्वयंपाकघरात घुसली.

"काय घातलंस माझ्या अळंबीत? बोल! मारलीस ना तिला? माझ्या आईची होती गं ती, सटवे!"

येगोरोव्ना चहा घेत बसली होती. तिनं बरणीकडे एकदा पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"चहात साखर किती घालत होतीस?"

"साखर?" रिम्मा आणखीच भडकली. "अळंबीला कसली साखर? गोडी तिच्या अंगचीच असते! आमच्या आईनं कधी चिमूटभर घातली नाही!"

गेनाचा झारा हवेतच थांबला. आता तो हसला नाही.

"साखरेवरच जगते ती, मूर्खे," येगोरोव्ना म्हणाली. "तू रोज तिला अगोड चहा पाजायचीस. तू कामावर गेलीस की मी त्यातला थोडा काढून गोड चहा ओतायचे. नाहीतर पहिल्याच महिन्यात मेली असती."

"मग सांगायचं होतंत!" रिम्मा किंचाळली.

"सांगायला आले होते. शिकवू नका म्हणालीस. मग चोर म्हणालीस, तेही चारचौघांत. चोरानं काय सांगायचं?"

म्हातारी तणतणत उठली. कपाटातून तिनं तोच मग काढला आणि रिम्मापुढे आपटला. वर स्वच्छ फडकं बांधलेलं होतं. आत मगाच्या तोंडाएवढी पांढरीशुभ्र चकती तरंगत होती.

"त्या दिवशी तिचा एक पापुद्रा काढला होता. हा घे चोरीचा माल. आणि साखर आता तुझी घाल."

रिम्मानं हातातली बरणी टेबलावर ठेवली. कुणावर ओरडायचं ते तिला कळेना, आणि आवाज तर अजून चढलेलाच होता.

"पण तुम्ही... तुम्ही स्वतः अगोड चहा का पीत होतात?"

येगोरोव्ना पुन्हा खुर्चीत बसली. साखरदाणी जवळ ओढून तिनं कपात एक चमचा घातला, मग दुसरा.

"मला गोड सोसत नाही," रागारागानं चहा ढवळत ती म्हणाली.

हे वाक्य रिम्मा लहानपणी रोज ऐकत आली होती, बशीत बाजूला ठेवलेल्या त्या खड्यासकट.