तक्रारदार गैरहजर

“नवीन फ्रिज देतो म्हटलं ना, मावशी. आता अजून काय पाहिजे तुम्हाला?”

ठाण्याच्या ग्राहक मंचाबाहेरच्या बाकड्यावर रुडॉल्फने हे तिसऱ्यांदा विचारलं. भागूबाईने मांडीवरची कागदांची पिशवी सरळ केली आणि आधीसारखंच उत्तर दिलं. “भूपेशला विचारून सांगते.”

आत गेल्यावर अध्यक्षांनाही तिने तेच सांगितलं. अध्यक्षांनी पुढच्या महिन्याची तारीख दिली. ही पाचवी वेळ.

रुडॉल्फ वसईतल्या एका विजेच्या सामानाच्या दुकानात मॅनेजर होता. अठरा वर्षांत त्याने भांडखोर गिऱ्हाइकं पाहिली होती, रडकी पाहिली होती. पण जूचंद्रची ही बाई त्याला कळतच नव्हती. तक्रार तिच्या मुलाची होती. सत्त्याण्णवच्या गणपतीत भूपेशने दुकानातून मोठा, दोन दारांचा फ्रिज घेतला. घरासमोर टेम्पोतून उतरवताना तो हमालांच्या हातून निसटला. एक बाजू चेपली, दार बसेना, आणि चालू केल्यावर आत गारवा म्हणून धरेना. माल पोचल्याच्या चलनावर सही करण्याआधी भूपेशने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘माल उतरवताना पडला. चेपलेल्या स्थितीत मिळाला.’ मालकांनी तरी हात वर केले. मग त्याने चलनाची प्रत जोडून मंचात तक्रार केली आणि नोकरीतून रजा मिळत नसल्याने आपल्या वतीने आई हजर राहील असं पत्रही लिहिलं.

त्या एका ओळीपुढे दुकानाच्या वकिलाला बोलायला जागा उरली नाही. चूक आपली, हे रुडॉल्फला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मालकांच्या मागे लागून फ्रिज बदलून द्यायला त्यानेच त्यांना तयार केलं होतं. फक्त तक्रार मिटल्याच्या कागदावर भूपेशची सही हवी होती. आणि बाई ती आणत नव्हती.

“तिला वाढवून हवंय काहीतरी,” दुकानात परतल्यावर रुडॉल्फ चिडून म्हणाला. “म्हणून ताणून धरलंय.”

“मग माल घेऊन घरीच जा आणि सही आण,” मालक म्हणाले. “पुढच्या तारखेला हे प्रकरण मला संपलेलं पाहिजे.”

रविवारी सकाळी रुडॉल्फ टेम्पोत नवा फ्रिज घालून जूचंद्रला गेला. ओट्यावर भागूबाईचा नवरा शत्रुघ्न दोरी वळत बसला होता. “भूपेशना बोलवता का जरा?” रुडॉल्फने विचारलं. म्हाताऱ्याचे हात थांबले. त्याने दोरी खाली ठेवली, उठला आणि खाडीच्या वाटेने चालू लागला.

भागूबाई दारात आली. टेम्पोतलं खोकं पाहून तिचा चेहरा उतरला.

“हे कशाला आनलं, भाऊ?”

“तुमच्या हक्काचंच आहे, मावशी. भूपेशची एक सही झाली की सुटलात. ठाण्याच्या खेपा नकोत.”

ती उंबऱ्यावर बसली. “तो गेला, भाऊ. कावीळ झाली. आठ दिवसांत गेला. मी पयल्या तारखेला आले ना, त्याच्या बारा दिवस आधी.”

पाच तारखांना रुडॉल्फ या बाईच्या शेजारी बसला होता. परतीच्या एसटीत दोनदा तिच्याच बाकावर जागा मिळाली होती, आणि दोन्ही वेळा तो तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिला होता. तो ओट्याच्या कडेला बसला. त्याला सुचलं ते कामाचंच.

“मावशी, हे मंचात सांगायला पाहिजे होतं. मृत्यूचा दाखला जोडून अर्ज दिला की वारस म्हणून तुमचं नाव लागतं. मग तुमच्या सहीने फ्रिज मिळेल.”

“म्हनजे त्याचं नाव काढतील.”

“हो. काढावंच लागतं.”

“मग नको.” तिने पदराने तोंड पुसलं. “बाप कसा उठून गेला, बघितलंत ना? भूपेशचं नाव निघालं का असाच जातो. शेजारी पन माझ्यासमोर जपून बोलतात. या घरात त्याचं नाव कोन घेत नाय, भाऊ. तिथं तो शिपाई दारात येतो नि मोठ्यानं पुकारतो, भूपेश शत्रुघ्न भोईर. जसा काय तो बाहेर पानी प्यायला गेलाय. मयन्यातून एकदा तेवढं ऐकते नि घरी येते.”

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. रुडॉल्फने त्याला हातानेच थांबवलं. थोड्या वेळाने फ्रिज आला तसा परत गेला. दुकानात त्याने एवढंच सांगितलं, की सही झाली नाही. मालकांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. “आता तारखेला हे मिटवूनच ये. नाहीतर तुझ्या जागी मी दुसरा माणूस बघतो.”

त्या तारखेला भागूबाई त्याच्या आधीच येऊन बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. याला आता सगळं ठाऊक आहे, आणि याने एक शब्द बोलायचा अवकाश, की भूपेशचं नाव कागदावरून जाईल, हे तिला कळत होतं. पुकारा झाला. ती डोळे मिटून तो शेवटपर्यंत ऐकत राहिली, मग उठून आत गेली.

अध्यक्षांनी फाईल उलटवली. “तक्रारदार आजही नाहीत? त्यांना तडजोड मान्य आहे की नाही, हे आज मला कळलंच पाहिजे.”

भागूबाईने कागदांची पिशवी छातीशी धरली. रुडॉल्फ उभा राहिला.

“मी घरी जाऊन भेटलो त्यांना, साहेब,” तो म्हणाला. “आज त्यांना रजा मिळाली नाही. पुढची तारीख द्यावी.”