लिहिण्याची परवानगी

"काय लिवलंय गो त्यान? मना वाचून दाखव."

बायजा यार्डाच्या ऑफिसात खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात मुलाचं, निकेशचं लायसन्स आणि बारावीची मार्कशीट. ऑफिसात कागद लागतात म्हणून तिने आणले होते. कुणी मागितले नव्हते.

शुक्रवारी न्हावा शेवाच्या यार्डात कंटेनर उचलणारा चार नंबरचा स्टॅकर ब्रेक न लागल्याने उलटला. निकेश आत होता; जागीच गेला. त्या सकाळच्या तपासणीच्या फाईलमध्ये 'ब्रेक ठीक' अशी नोंद होती. ती त्यानेच केली असेल, तर चूक त्याची. आज दुपारी अपघाताच्या रिपोर्टवर सही व्हायची होती.

"वाच ना, क्षिप्रा," यार्ड मॅनेजर मधुकर सर म्हणाले. "त्यांनाही कळू दे. फाईलमध्ये कोण लिहू शकतं, तेवढंच सांग."

ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या क्षिप्राने प्रोग्राम चालवला. त्या फाईलला कुणाकुणाला हात लावता येतो, त्यांची यादी स्क्रीनवर उतरली. अकरा नावं.

"मॅनेजर, फक्त वाचणे. मेंटेनन्स, फक्त वाचणे. दिपेश, फक्त वाचणे..." ती खाली खाली येत गेली. "निकेश. वाचणे आणि लिहिणे."

"अजून कुणाला आहे लिहायला?"

"नाही, सर."

"झालं तर. प्रिंट काढ."

क्षिप्राने हात मागे घेतला. "सर, ती परवानगी मीच दिली होती. हेड ऑफिसने एकच नाव मंजूर केलं. मग जी शिफ्ट येईल ती त्याच्याच पासवर्डने लिहायची. भिंतीवर चिकटवलाय तो. तुम्हालाही माहितीये."

"तुझ्या यादीत भिंतीचं नाव आहे?" मधुकर सरांनी आवाज खाली आणला. "बाळंतपणाच्या रजेवरून येऊन महिनाच झालाय ना तुला? कशाला टेन्शन घेतेस?"

बायजाने मान वर केली. "पोर हाय तुला?"

"मुलगी. सात महिन्यांची."

"कोनाकरं ठेवलीस?"

"सासूबाईंकडे. सानपाड्याला."

"बरा केलास." बायजा एवढंच म्हणाली.

क्षिप्राने तपासणीची ती फाईलच उघडली आणि थेट तळाशी गेली.

"सर, आजची नोंद आहे. सकाळी नऊ-चाळीसची. चार नंबर. ब्रेक ठीक."

खिडकीबाहेर चार नंबर पोलिसांच्या पिवळ्या पट्टीच्या आत आडवा पडलेला होता, शुक्रवारपासून.

"कुणी केली?" मधुकर सरांच्या तोंडून निघून गेलं.

"लिहायची परवानगी एकालाच आहे," क्षिप्रा म्हणाली. नोंदीपुढचं नाव तिने मोठ्याने वाचलं. "निकेश."



बायजा उठून उभी राहिली. दाराकडे बघितलं, मग क्षिप्राकडे.

"आज सकालचा आलता?" तिने विचारलं. "काय खाऊन आलता का गो तो?"