करपवून आण

दर शनिवारी ते चौघे मित्र टेक्सासमधल्या त्या हॉटेलात स्टेक खायला जमायचे. चौघेही जन्मभर गुरं पाळलेले, त्यामुळे स्टेक आतून लालच हवा. आज हॉलिसची छाती फुगली होती. हॉटेलनं पहिल्यांदाच त्याच्या कळपातलं मांस घेतलं होतं.

"माझा पार करपवून आण," व्हर्जिल वेट्रेसला म्हणाला. "वर सॉसही ओत."

बाकीचे दोघे खिदळले. "दात पडले का रे म्हाताऱ्या?"

हॉलिस मात्र भडकला. "माझ्या गुरांचा अपमान करतोस, हलकटा?"

"तुझी गुरं? दुष्काळात माझा कळप लिलावात निघाला, तेव्हा पडत्या भावात तूच उचललास ना?"

व्हर्जिल पुन्हा वेट्रेसकडे वळला.

"मला ओळखू येणार नाही, इतका करपव."