फक्त व्हिडिओपुरतं

गाणं थांबलं तशी आवडाबाईनं नजमुन्निसाच्या बरगडीत कोपर मारलं आणि एकुलत्या एका खुर्चीवर बूड टेकलं. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी शिट्टीही मारली.

शिलाई मशीन तिचं झालं.

जालना रोडवरच्या या हॉटेलात दर बुधवारी सेवाभावी क्लबाची मीटिंग भरते. अध्यक्ष बद्रीनाथसाहेब गळ्यात बिल्ल्यांचा पट्टा घालून घंटा वाजवतात. मग वाढदिवस, मग विनोद, मग जेवण, ज्याला हे लोक फेलोशिप म्हणतात. सेवा या सगळ्याच्या मधे कुठंतरी उरकून घ्यायची. या बुधवारी मशीन एक आलं होतं आणि अर्ज दोन, दोन्ही बजाजनगरच्या एकाच गल्लीतले. साध्या माणसांनी गरज कुणाची जास्त ते विचारलं असतं, फार तर चिठ्ठ्या टाकल्या असत्या. पण क्लबात दर आठवड्याला एक 'फन गेम' व्हावाच लागतो आणि ते खातं अपेक्षामॅडमकडे. मॅडमनी दोन्ही कामं एकत्र करून टाकली. मशीन समोर, खुर्ची एक, बाया दोन.

पन्नाशीला आलेल्या दोन बाया, एक पदर खोचून, दुसरी बुरखा सावरत, गाण्यावर खुर्चीभोवती पळत होत्या आणि पोटं सुटलेले मोठे लोक हसून हसून डोळे पुसत होते. आवडाबाईला त्यांची किळस आली. तरी ती जीव खाऊन पळाली. बचत गटाकडे शाळेच्या गणवेशांचं काम आलं होतं आणि घरी मशीन असेल त्याच बाईला ते मिळणार होतं. नजमुन्निसालाही ते हवं होतं. कापड बेतायला आवडाबाईला तिनंच शिकवलं होतं, पण कोपर मारताना हे कुणाला आठवतं?

टाळ्या विरल्या आणि अपेक्षामॅडमनी जीभ चावली. हसण्याच्या नादात फोनवर रेकॉर्डिंगचं बटण दाबायचंच राहिलं होतं.

मग ठरलं, डाव परत खेळायचा. फक्त व्हिडिओपुरतं, मशीन आवडाताईंचंच. बद्रीनाथसाहेबांनी समजावून सांगितलं की व्हिडिओ क्लबाच्या वरच्या ऑफिसात पाठवावा लागतो, वर्षअखेरीस त्यावर ढाल मिळते. व्हिडिओ नसला तर कार्यक्रम हिशेबात धरत नाहीत, आणि कार्यक्रमच धरला नाही तर मशीन कसं देणार? तेव्हा दोघींनी पळायचं, आणि जरा हसत पळायचं.

आवडाबाईनं दाराकडे पाहिलं. नजमुन्निसा तिथं चपला घालत होती. तिनं फक्त चालू लागायचं होतं. तिच्या जागी आपण असतो तर निघून गेलो असतो, जाताना उंबऱ्यावर थुंकलोही असतो, हे आवडाबाईला पक्कं ठाऊक होतं. 'आपा' म्हणून हाक मारावी असं वाटलं, पण कोणत्या तोंडानं मारणार?

हाक मॅडमनीच मारली. “अहो चाची, या ना. गंमत आहे, मनाला नका लावून घेऊ. हरणारं कुणी नसेल तर जिंकलेलं दिसणार कसं?”

लोक पुन्हा हसले. नजमुन्निसानं एकदा सगळ्यांकडे पाहिलं, त्या पट्ट्याकडे पाहिलं आणि चपला परत काढल्या.

गाणं लागलं. ती मघासारखीच पळाली, मघासारखीच धापा टाकत. उलट मॅडमना हवी तशी, हसतसुद्धा. गाणं थांबलं तेव्हा खुर्ची आवडाबाईच्या अगदी पुढ्यात होती आणि आवडाबाईचे गुडघेच वाकेनात. फोनमागून मॅडम बसा, बसा अशा खुणा करू लागल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मशीन तिथंच होतं, चकचकीत, वर लाल रिबीन बांधलेलं.

नजमुन्निसानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला खाली दाबलं. तोंडावरचं हसू तसंच ठेवून ती तिच्या कानाशी म्हणाली,

“बैठ गे आवडा. यांना माझं हारनं बी दोनदा पायजे.”