रक्ताची साक्ष

"रक्तातला टेस्टोस्टेरॉनचा आकडा पुन्हा चढाच आहे," डॉक्टर लेहतोला म्हणाल्या. "दोन महिन्यांपूर्वी डोस निम्मा केला, तरीही. खरं सांगा आर्नी, परस्पर जास्त जेल लावताय का?"

"नाही."

आर्नी खुर्चीत टेकला, उठला, खिडकीपाशी जाऊन आला, परत बसला. जन्माच्या वेळी त्याची नोंद मुलगी म्हणून झाली होती. गेली पाच वर्षं तो रोज सकाळी अंगाला टेस्टोस्टेरॉनचं जेल चोळत होता. आवाज फुटला, दाढी आली, पाळी थांबली. ट्रॅम दुरुस्तीच्या शेडमध्ये तो इतर गड्यांसारखाच एक गडी होता.

त्याची आई तुलिक्की शेजारी मांडीवर कोट घेऊन बसली होती. "घरीही एका जागी ठरत नाही हा," ती म्हणाली. "सारखी चिडचिड. लावत असणार जास्त."

"रक्त खोटं बोलत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "थोडे दिवस जेल बंदच ठेवू."

"रक्त?" आर्नी पुन्हा उठला. "रक्त परत सुरू झालंय माझं. परवा, कामावर. मी ट्रॅमखाली होतो, हातात पाना. बाहेर आलो तो भिंतीला पाठ लावून संडासापर्यंत सरकत गेलो, कोणाला दिसू नये म्हणून. आता तुमच्या नळीतलं रक्त खरं की हे?"

आई त्याच्याकडे बघत राहिली. हे तिला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी संगणकावरची नजर काढली. "रक्त दिलंत त्या सकाळी जेल लावलं होतं?"

"रोजच लावतो. आज तेवढं घाईत राहिलं."

"कुठे लावता?"

आर्नीने डावी बाही वर केली आणि खांद्यापासून खाली कोपरापर्यंत तळवा फिरवून दाखवला.

"आणि सुई?"

त्याने त्याच हाताच्या कोपराच्या घडीवर बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं.

"कातडीवरचं जेल सुईबरोबर नळीत उतरलं असणार," डॉक्टर हळू म्हणाल्या. "दोन्ही वेळा. हे मी आधी विचारायला हवं होतं. चला, आत्ता उजव्या हाताचं रक्त घेऊ."

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, तेव्हा आर्नी स्वयंपाकघरात टेबल ते दार अशा येरझारा घालत होता. आकडा तळाला गेला होता. जुना डोस आजपासूनच सुरू करा, म्हणाल्या. माफीही मागितली.

"आणि हे थांबणार कधी?" आर्नीने विचारलं.

"काही आठवडे लागतील. नेमकं नाही सांगता येणार."

फोन ठेवूनही त्याच्या येरझारा थांबेनात. उद्या पुन्हा शेड, पुन्हा तोच संडास, पुन्हा भिंत.

त्याच्या शरीराबद्दल आईने पाच वर्षांत एक शब्द विचारला नव्हता. ती टेबलापासून उठली. कपाटातून रबरी पिशवी काढली, किटलीतलं गरम पाणी तिच्यात ओतलं, झाकण घट्ट केलं आणि गळत तर नाही ना, म्हणून स्वतःच्या पोटाशी धरून पाहिली. मग त्याच्यासमोर धरली.

"खूप दुखतंय का रे?"