लेग स्टंपच्या बाहेर

चेंडू पॅडवर आदळला, तरी अंपायरने आउट दिलं नाही. धाकटे दीर टीव्हीवरच खेकसले, "आंधळा आहे का हा?"

"भाऊजी, टप्पा लेग स्टंपच्या बाहेर..."

"वहिनी, तुम्ही आपलं चहाचं बघा. हे तुम्हाला नाही कळायचं."

पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून तिने नेहमीसारखं हसण्यावारी नेलं. "खरंच, मला बाई काय कळतंय त्यातलं." चुटपुट मात्र लागली. सकाळीच गच्चीच्या भिंतीवर खडूने स्टंप काढून तिने लेकीला हाच नियम समजावला होता.

दिरांनी पुतणीला डिवचलं, "चिमणे, तू सांग बरं, का नाही दिलं आउट?"

लेकीने तोंड उघडलं, आईकडे पाहिलं आणि गोड हसली.


"मला काय विचारता काका? मी मुलगी आहे ना."